आधी उतार, मग चढ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ट्रेक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र उभं राहतं. रात्रीची एस.टी., पायथ्याचं गाव, मारुतीच्या देवळात काढलेली रात्र आणि उजाडता उजाडता सुरू होणारा चढ. धापा टाकत वर जायचं, टाक्याचं गार पाणी प्यायचं, डबे उघडायचे आणि उन्हं कलली की उतरायला लागायचं. दम संपला तर अर्ध्या वाटेतून परत फिरता येतं, आणि परत फिरणं म्हणजे उतरणंच असतं. कठीण भाग आधी, सोपा नंतर. तीस वर्षं सह्याद्रीत हिंडताना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की याहून वेगळं काही असू शकतं असा विचारही कधी मनात आला नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हे सगळं उलटं होतं. कोलोरॅडो नदीनं खडक कापत कापत केलेली ही दरी नदीच्या मार्गानं मोजली तर ४४६ किलोमीटर लांब आहे. रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटरपर्यंत जाते आणि खोली सुमारे १,६०० मीटर आहे. १९१९ साली हिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आपण गाडीनं जाऊन उतरतो तो दक्षिण काठच मुळी सात हजार फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून दीडएक हजार फूट उंच आहे. तिथे पाइनची झाडं आहेत, हॉटेलं आहेत, थंडगार वारा आहे. तिथून नदीपर्यंत जायचं म्हणजे हिरव्या काठावरून सरळ वाळवंटात उतरायचं. दर हजार फुटांना तापमान साधारण तीन अंशांनी चढत जातं. जूनमध्ये काठावर दुपारचं सरासरी तापमान २७ अंश असतं, तेव्हा तळाशी ते ३८ असतं, आणि तेही सावलीत. उन्हाळ्यातले काही दिवस याच्याही बरेच पुढे जातात. म्हणजे सकाळी ताज्या अंगानं, थंड हवेत उतार. आणि भर दुपारी, थकलेल्या पायांनी, तापलेल्या खडकांच्या मधून चढ.

हे मी आज शहाण्यासारखं सांगतो आहे. जून २०१८ मध्ये मला यातलं आकड्यांपलीकडे काही कळत नव्हतं.

माझा एक जुना ट्रेकमित्र, आमच्या ग्रुपमधला सर्वांत दणकट गडी. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं चढून वर गेल्यावर सगळ्यांसाठी पिठलं करायला बसणारा. त्याचा मुलगा फिनिक्सला असतो. तो आणि वहिनी मुलाकडे गेले होते, मीही त्याच सुमारास तिकडे होतो, तेव्हा आम्ही ग्रँड कॅन्यनला गेलो. ब्राइट एंजल नावाची वाट काठावरून सात किलोमीटर खाली एका झऱ्याकाठच्या हिरव्या जागेपर्यंत जाते. त्या जागेला तेव्हा इंडियन गार्डन म्हणत. तिथे शेती करणाऱ्या हवासुपाय लोकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून घालवून देण्यात आलं होतं, म्हणून २०२२ साली तिचं नाव बदलून हवासुपाय गार्डन्स केलं. तिथपर्यंत जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं असा बेत होता. ‘अरे, नुसतं उतरायचं तर आहे,’ तो म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं.

निघायलाच नऊ वाजले. सकाळी भूक नव्हती म्हणून पराठ्यांचा डबा गाडीतच राहिला. उतरताना मजा आली. लाल, पिवळे, करडे थर एकाखाली एक, आणि प्रत्येक वळणावर फोटो. सव्वा अकराला खाली पोचलो, नळावर बाटल्या भरल्या आणि बाराच्या सुमाराला वर चढायला लागलो. उन्हात पाणी कमी पडू नये ही एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती. ग्रुपचा नेता मीच, त्यामुळे दर दहा मिनिटांनी मी त्याला थांबवून सांगायचो, ‘पाणी पी.’ तो प्यायचा. तासाभरात त्याचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, ‘ऊन लागलं, आणखी पाणी पी.’ तो प्यायला. वरून पाच किलोमीटरवर एक दगडी विसावा आहे, तिथे पोचेपर्यंत त्याला दोनदा उलटी झाली होती. बोटं सुजून अंगठी रुतली होती. आणि मग त्यानं मला अगदी शांतपणे विचारलं, ‘शेवटची एस.टी. किती वाजता आहे रे?’

मला पहिल्यांदा वाटलं, थट्टा करतोय. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्या वाटेवर उद्यानाचे प्रशिक्षित स्वयंसेवक फिरत असतात. लोक संकटात सापडल्यावर त्यांना उचलण्यापेक्षा सापडण्याआधीच गाठायचं, अशी ही व्यवस्था १९९७ पासून तिथे आहे. त्यांच्यातली एक बाई आमच्याजवळ आली. पाणी किती प्यालात, हा तिचा पहिला प्रश्न नव्हता. सकाळपासून काय खाल्लंत, हे तिनं विचारलं. नंतर, लघवीला किती वेळा गेलात? मग तिनं माझ्या हातातली बाटली शांतपणे काढून घेतली, त्याला सावलीत बसवलं, खारी बिस्किटं थोडी थोडी खायला दिली आणि विसाव्यावरच्या फोनवरून रेंजरशी बोलून घेतलं. घामावाटे मीठ गेलं, पोटात अन्न नाही, आणि वरून नुसतं पाणी ओतलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. मेंदूला सूज येते. याची लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात, आणि म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. हे जिवावर बेतू शकतं. त्याच्या बाबतीत ते सौम्य होतं आणि वेळेत थांबलं. साडेपाचला ऊन उतरल्यावर आम्ही निघालो आणि ते पाच किलोमीटर चढायला आम्हाला साडेचार तास लागले.

वर वहिनी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच विचारलं, ‘तुम्ही बरोबर होतात ना?’

पुढच्या वर्षभराची आमची तयारी त्या प्रश्नातून झाली. कारण खाली नदीपर्यंत जायचंच, असं त्यानं परत येताना विमानातच ठरवून टाकलं होतं. मी एक अट घातली. जून नाही, ऑक्टोबर. आणि एका दिवसात नाही. दोन मुक्काम, पाठीवर सॅक घेऊन.

तयारी म्हटली की आपण आधी सामानाची यादी करतो. आम्हीही केली, ती मोठी होत गेली आणि मग आम्ही ती फाडली. सामान भरपूर असलं की निभावतं, हा समज किती फसवा आहे याचं उदाहरण याच दरीत घडलेलं आहे. जॉन वेस्ली पॉवेल हा यादवी युद्धात उजवा हात गमावलेला भूगर्भशास्त्रज्ञ १८६९ मध्ये नऊ साथीदार आणि चार होड्या घेऊन नदीच्या मार्गानं या दरीकडे निघाला. दहा महिने पुरेल इतकी शिधासामग्री बरोबर होती. पहिल्या काही आठवड्यांतच एक होडी खडकांवर आपटून फुटली आणि तिच्यातलं अन्न वाहून गेलं. बाकीचं भिजून नासत गेलं. तीन महिन्यांनी त्यांच्याजवळ उरलं होतं बुरशी धरलेलं पीठ, वाळवलेली सफरचंदं आणि कॉफी. एक जण वाटेतच मोहीम सोडून गेला होता. २८ ऑगस्टला आणखी तिघांनी पुढचा खळाळ पाहून होडीत बसायला नकार दिला आणि ते दरी चढून निघून गेले. ते मारले गेले. उरलेले सहा जण दुसऱ्याच दिवशी दरीतून सुखरूप बाहेर पडले. त्या तिघांचा निर्णय चुकीचा होता असं घरात बसून म्हणणं सोपं आहे. एका दिवसावर सुटका आहे हे त्यांना कुठून कळणार? आपल्याजवळ नकाशा असतो, ही आपली केवढी चैन!

तर शरीरापासून सुरुवात केली. आम्ही पुण्याचे, तेव्हा सरावाला सिंहगड. पण नेहमीसारखं आतकरवाडीतून सकाळी चढून उपयोग नव्हता, कारण त्यात पुन्हा तेच: आधी चढ, मग उतार. म्हणून आम्ही गाडीनं वर जायला लागलो. सकाळी आठला गडावरून खाली उतरायचं, आतकरवाडीत तासभर थांबायचं आणि अकराच्या उन्हात, पाठीवर बारा किलो घेऊन परत चढायचं. ओझं म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायच्या. फारच झालं तर ओतून देता येतात. वर ताक आणि कांदाभजी खाऊन गाडीनं घरी. वाटेत भेटणारे नेहमीचे लोक विचारायचे, ‘आज उशीर झाला का?’ कुणाकुणाला काय समजावणार! पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी मला कळलं, की उतरताना मांड्या किती दमतात हे आपल्याला ठाऊकच नसतं, कारण उतरल्यावर आपण एस.टी.त बसतो. उतरून झाल्यावर त्याच मांड्यांनी चढायला लागलं की त्या हिशेब मागतात.

उतरण्याचा दुसरा जाच पायांच्या बोटांना. साडेचार हजार फूट सलग उतार म्हणजे प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटणार. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा, दोन महिने आधीपासून वापरलेला, आणि निघायच्या दोन दिवस आधी नखं बारीक कापलेली. हे इतकं किरकोळ वाटतं की कुणी सांगत नाही. काळीनिळी पडलेली नखं घेऊन लंगडत चढणारे मी तिथे पाहिले आहेत. दोन काठ्या घ्याव्यात. मी आयुष्यभर काठी घेणाऱ्यांना हसलो, आता गुडघे मला हसतात.

चालण्याचा वेग किती? तिथले रेंजर सांगतात, बोलता बोलता चालता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. तासातून दहा मिनिटं बसायचं, शक्यतो पाय उंचावर टेकवून. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा, आणि पाणी उतरताना एक तृतीयांश, चढताना दोन तृतीयांश. म्हणजे दिवसाभराच्या फेरीत परत कुठून फिरायचं हे ठिकाण पाहून ठरत नाही, घड्याळ आणि बाटली पाहून ठरतं. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात चालूच नये असं उद्यानाचं सांगणं आहे. आपल्याकडे शेतकरी वैशाखात काय वेगळं करतो?

तब्येत उत्तम असणं म्हणजे तयारी नव्हे, हे तिथल्या एका घटनेनं सगळ्यांना शिकवलं. २००४ च्या जुलैमध्ये चोवीस वर्षांची एक तरुणी तिथे मरण पावली. ती वैद्यकाची विद्यार्थिनी होती आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिनं बॉस्टन मॅरेथॉन तीन तासांहून थोड्याच जास्त वेळात पुरी केली होती. दरीत एका दिवसात लांब पल्ला धावायचा बेत होता आणि तिच्याजवळ पाणी होतं दीड लिटर. मी ही गोष्ट वाचली तेव्हा माझ्या मनात आमच्याच ग्रुपमधली तरुण पोरं आली. आम्हाला काही होत नाही, असं म्हणणारी.

आता पाणी आणि मीठ. दरीतल्या दोन मुख्य वाटांपैकी साउथ कायबाब ही कड्याच्या सोंडेवरून उतरणारी, अकरा किलोमीटरची, जवळजवळ बिनसावलीची. तिच्यावर पाण्याचा थेंब नाही. ब्राइट एंजल वाट लांब आहे, पण तिच्यावर नळ आहेत. म्हणून बहुतेक लोक पहिलीनं उतरतात आणि दुसरीनं चढतात. आम्हीही तेच केलं. या नळांवरही भिस्त ठेवू नये. त्यांचं पाणी उत्तरेकडच्या झऱ्यांपासून दरीच्या तळातून येणाऱ्या पाइपलाइनमधून येतं. ती १९६० च्या दशकात टाकलेली, जुनी झालेली आहे आणि वारंवार फुटते. ऑगस्ट २०२४ मध्ये ती अशी फुटली की काठावरच्या हॉटेलांतले मुक्कामसुद्धा काही दिवस बंद ठेवावे लागले. त्यामुळे पाणी शुद्ध करण्याचं साधन जवळ पाहिजेच. नदीचं पाणी कधी गढूळ असलं तर फिल्टर गाळानं बंद पडतो. तिथले होडीवाले काय करतात? बादलीत पाणी घेऊन त्यात तुरटी फिरवतात आणि गाळ खाली बसू देतात. आजीच्या माठाजवळची तुरटी मला कोलोरॅडोकाठी भेटेल असं वाटलं नव्हतं. मी पुण्याहून तिचा एक खडा नेला होता. लागला नाही, पण नेला होता.

मिठाचं खातं मित्रानं स्वतःकडे घेतलं. पहिल्या वेळचा धडा त्याच्याच अंगावर गिरवला गेला होता. उन्हात भूक मरते, जिभेला काही नको वाटतं, म्हणून जे हमखास खाल्लं जाईल तेच न्यायचं, असं त्यानं ठरवलं. दुकानातली ट्रेकिंगची महागडी पाकिटं आम्ही सिंहगडावर खाऊन पाहिली होती आणि दोघांनीही ती अर्धी टाकली होती. त्याऐवजी खारे शेंगदाणे, भडंग, लिंबाचं खारट लोणचं, शेंगदाण्याची चटणी लावलेल्या पोळ्या, गूळपापडी आणि गरम पाणी ओतलं की होणारा उपमा. सोबत क्षार-साखरेची पाकिटं. दर तासाला घोटभर पाणी आणि मूठभर खाणं, दोन्ही बरोबर. फक्त पाणी नाही, फक्त खाणं नाही. दरीत शेकोटी पेटवायला बंदी आहे, लहान गॅसचा स्टोव्ह चालतो. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, ती तिकडेच विकत घ्यावी.

ओझ्याचा हिशेब साधा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार लिटर पाण्याची सोय ठेवली की सॅकमधून दुसरं काहीतरी बाहेर निघालंच पाहिजे. सगळं ओझं आपल्या वजनाच्या पावपटीच्या आत राहावं. आम्ही सॅक भरून बाथरूमच्या काट्यावर ठेवायचो आणि मग एकेक वस्तू बाहेर. दुसरी पँट गेली, जाड पुस्तक गेलं, माझा मोठा कॅमेरा गेला. तो काढताना मात्र जीव तुटला. ऑक्टोबरमध्ये तळाशी दुपारी सरासरी २९ अंश आणि रात्री १४, पण काठावर रात्र दोन अंशांपर्यंत उतरते, तेव्हा एक उबदार जाकीट ठेवावंच लागलं. सुती शर्ट मुद्दाम ठेवला. पावसाळी ट्रेकला सुती कपडा घातक, कारण भिजला की अंग गारठवतो. पण कोरड्या उन्हात तोच भिजवून घातला तर तासभर गारवा देतो.

शहरातून गेलेल्या माणसाला हसू येईल अशा आणखी काही गोष्टी. दरीतला सगळ्यात त्रासदायक प्राणी साप नाही, खार आहे. पर्यटकांनी खायला घालून लाडावलेल्या खारी सॅक कुरतडतात आणि बोटाला कडकडून चावतात. नदीकाठच्या तळावर अन्न ठेवायला लोखंडी पेट्या असतात, त्या वापरायच्या. विंचू आहेत, म्हणून सकाळी बूट झटकून घालायचे. हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. खेचरांचा तांडा आला तर वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला, भिंतीला लागून उभं राहायचं, दरीकडे नाही. वापरलेला टॉयलेट पेपरसुद्धा पिशवीत घालून वर परत आणायचा. यावर आमच्याकडे नाकं मुरडतात. राजमाचीच्या वाटेवर पावसाळ्यानंतर काय पडलेलं असतं ते पाहिलं की माझी मान खाली जाते.

पुराबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात ॲरिझोनातही पावसाळा असतो आणि तिथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. अरुंद घळींमध्ये धोका डोक्यावरच्या ढगाचा नसतो, दूरच्या ढगाचा असतो. १२ ऑगस्ट १९९७ ला याच राज्यातल्या अँटेलोप कॅन्यन नावाच्या सुंदर, चिंचोळ्या घळीत ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता काही किलोमीटर पलीकडे. आपल्या भंडारदऱ्याजवळची सांदण दरी आठवा. दोन्ही बाजूंना कातळ, हात पसरले तर टेकतील इतकी अरुंद जागा. तिथेही पावसाळ्यात उतरू नका असं साम्रदचे गावकरी सांगत असतात, आणि तरी लोक जातातच.

परवान्याचं प्रकरण वेगळंच. काठाखाली मुक्काम करायचा तर परवाना लागतो आणि कोणत्या रात्री कोणत्या तळावर झोपणार हे आधी कळवावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा अर्ज फॅक्सनं पाठवावा लागे. पुण्यात चालू स्थितीतलं फॅक्स मशीन शोधणं हा तयारीतला सर्वांत अवघड टप्पा ठरला. आता चार-पाच महिने आधी ऑनलाइन सोडत निघते. म्हाडाच्या घरांसारखीच, नाव लागलं तर लागलं. शिवाय जुलै २०२५ मध्ये उत्तर काठावर मोठा वणवा लागून तिथलं ऐतिहासिक लॉज जळालं, आणि पाइपलाइन बदलण्याच्या कामासाठी वाटा, तळ अधूनमधून बंद असतात. तेव्हा निघण्यापूर्वी काय उघडं आहे ते पाहणं आलंच. आमचा बेत असा मंजूर झाला: पहिली रात्र तळाशी नदीकाठी, दुसरी रात्र मधल्या झऱ्यापाशी, तिसऱ्या दिवशी सकाळी वर. चढाचे दोन तुकडे झाले आणि भर दुपार दोन्ही दिवशी सावलीत गेली.

शेवटची गोष्ट एका कागदाची. २००३ च्या एप्रिलमध्ये अॅरन रॉल्स्टन नावाचा तरुण युटा राज्यातल्या एका चिंचोळ्या घळीत एकटाच गेला. एक मोठा धोंडा सरकला आणि त्याचा उजवा हात कातळाशी अडकला. तो कुठे गेला आहे हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी त्यानं स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. २०१० मध्ये यावर चित्रपट आला, त्याला संगीत ए. आर. रेहमानचं होतं, म्हणून आपल्याकडेही पुष्कळांनी तो पाहिला. लोक त्याच्या धैर्याबद्दल बोलतात आणि ते खरंच आहे. मला मात्र त्या न लिहिलेल्या चिठ्ठीची रुखरुख वाटते. दरीत मोबाइलला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आता मिळतात, ती जरूर घ्यावीत. पण कागद कधी डिस्चार्ज होत नाही.

आमचा कागद मी फिनिक्सला निघायच्या आदल्या रात्री लिहिला. कोणत्या वाटेनं उतरणार, कोणत्या तळावर कोणती रात्र, परवान्याचा क्रमांक, गाडीचा नंबर, दोघांच्या औषधांची नावं. आणि खाली, तिसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत आमचा फोन आला नाही तर या नंबरवर रेंजरना कळवा. तो वहिनींच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला, फ्रीजवर चुंबकानं लावला आणि विचारलं, ‘आठ कशाला? तुम्ही तर दुपारी वर येणार ना?’ म्हटलं, ‘सावकाश येऊ, म्हणून वेळ ठेवलाय.’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्यांनी स्वतः खारे शेंगदाणे भाजले आणि तासागणिक एक अशा पुड्या बांधून दिल्या.

पहिल्या दिवशी आम्ही अंधारातच साउथ कायबाबवर उतरायला लागलो आणि दुपारच्या आधी नदीवरचा झुलता पूल ओलांडला. नदीत पाय सोडले तर बर्फासारखं पाणी. वरच्या धरणाच्या तळातून सोडलेलं असल्यामुळे ते बारा महिने थंड असतं, आणि ओढही अशी की पोहायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दहाच्या आत झऱ्यापाशी पोचलो. तिसऱ्या दिवशी साडेचारला कपाळावर दिवे लावून निघालो. त्या दगडी विसाव्यापाशी आलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. तो त्याच बाकावर बसला, पाय समोरच्या दगडावर टेकवले, एक पुडी सोडली आणि म्हणाला, ‘एस.टी. गेली वाटतं.’ मला हसू आलं नाही.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही वर होतो. रेंज आल्याबरोबर त्यानं फोन लावला. वहिनींनी पहिल्याच रिंगला उचलला. कसे आहात, कुठे आहात, काही नाही. ‘खाल्लंत का काही?’ असं त्यांनी विचारलं. त्याचं तोंड भडंगानं भरलेलं होतं, म्हणून त्यानं फोन माझ्या हातात दिला.